पालथा दगड

पर्यावरण मंजुरीच्या अर्जात प्रश्न खूप असतात. पाणी किती लागणार, मैला कुठे जाणार, झाडं किती तुटणार, इमारतीची सावली कुणाच्या घरावर पडणार. त्यांतच एक प्रश्न असतो: प्रस्तावित जागेच्या आसपास पुरातत्त्वीय ठिकाणे किंवा अवशेष आहेत का? विजयश्रीने आठ वर्षांत असे चाळीसेक अर्ज भरले होते आणि दर वेळी तिथे ‘नाही’ लिहिलं होतं. खरं तर ते लिहावंही लागत नसे. जुन्या अर्जाची कॉपी नव्यात टाकली की ते आपोआपच यायचं.

चऱ्होलीच्या अर्जात तिने ते ‘नाही’ पुसलं आणि ‘आहेत’ असं टाइप केलं.

विजयश्री मूळची औशाकडची. ती चार वर्षांची असताना तिचे वडील ज्योतीराम भोसरीला मशीन शॉपमध्ये कामाला लागले आणि सगळं घर इकडे आलं. ती इथेच शिकली, आर्किटेक्ट झाली. पण नकाशे काढण्यापेक्षा ते मंजूर करून आणण्यात तिचा हात जास्त बसला. कुठल्या टेबलावर फाइल का अडते, कुठला कागद आधी लावला की पुढचे चार वाचतात, हे तिला पाठ होतं. अजिंक्यच्या बांधकाम कंपनीत तिला लोक ‘मंजुरीवाल्या मॅडम’ म्हणूनच ओळखत.

अजिंक्य चऱ्होलीचाच. आजोबांच्या काळात ज्या शिवारात ज्वारी व्हायची, तिथे आता तो सोसायट्या बांधत होता. या नव्या प्रकल्पात आठ एकरांवर सहा इमारती होत्या. भागीदार होता सिद्धेश. तो औंधला राहायचा आणि साइटवर फक्त भूमिपूजनाला आणि भांडणाला यायचा.

झाडांची मोजणी करायला विजयश्री स्वतः साइटवर गेली होती. ओढ्याच्या काठाला घाणेरीचं रान माजलं होतं. त्यात शिरून ती एका करंजाच्या खोडाला आकडा घालत होती, तेव्हा तिच्या पायाला दगड लागला. तिने फांद्या बाजूला केल्या. कमरेएवढा उंच दगड, अर्धा मातीत गेलेला, आणि त्यावर तीन कप्पे कोरलेले. खालच्या कप्प्यात एक माणूस आडवा पडलेला, शेजारी गुरं. मधल्यात ढाल-तलवार घेऊन लढणारे. वरच्यात तोच माणूस महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला. दोन पावलांवर तसाच दुसरा होता, वरचा भाग फुटलेला.

तिने लगेच ओळखलं. त्यांच्या गावात वेशीजवळ असाच एक दगड होता आणि सुट्टीत गावी गेली असताना तिथल्या गुरुजींनी तिला तो वीरगळ असल्याचं सांगितलं होतं. गावाची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना कुणी मेला की त्याच्या आठवणीला लोक असा दगड उभा करायचे. आधीच्या सर्व्हेच्या नकाशात याच जागी लिहिलं होतं: ‘सुटे दगड’. आणि त्या सुट्या दगडांवरून बारा मीटरचा रस्ता आखला होता.

तिने फोटो काढले, टेपने मापं घेतली, जागा नोंदवली आणि ऑफिसला आली.

सिद्धेशने फोटो पाहिले आणि फोन टेबलावर ठेवला. “क्रेन बोलवू. तासाभराचं काम आहे. मारुतीच्या देवळासमोर नेऊन उभे करू, शेंदूर लावू. गाव खूश, आपण खूश.”

“हलवले की ते मूळचे कुठे होते, हे कायमचं गेलं,” विजयश्री म्हणाली.

“कुणाला कळणार आहे, मॅडम?”

“मला कळलंय. अर्जाखाली सही माझी असते.”

अजिंक्यने खुर्ची पुढे ओढली. “मॅडम, ‘आहेत’ लिहिलं तर काय होईल ते सांगा. घाबरवू नका, खरं सांगा.”

ती याच प्रश्नाची वाट पाहत होती. तिने पिशवीतून नकाशाची गुंडाळी काढून टेबलावर पसरली. “आपल्याला दहा टक्के मोकळी जागा सोडायचीच आहे. ती आत्ता आपण ट्रान्सफॉर्मरच्या मागे टाकली आहे. तिथे डासांशिवाय कुणी बसणार नाही. ती इथे ओढ्याकाठी आणली आणि रस्ता असा वळवला, तर दगड जागेवर राहतात आणि आपलं एकही घर कमी होत नाही. हा नकाशा, पुरातत्त्व खात्याचं मत आणि गावकऱ्यांचं म्हणणं, असं सगळं जोडून अर्ज गेला तर मंजुरी देणारी समिती काय विचारणार? विचारायला काही उरतच नाही. लपवलं आणि उद्या कुणी फोटो टाकला, तर काम अर्ध्यात थांबेल. तेव्हा मी काहीच करू शकणार नाही.”

“किती वेळ?”

“सहा आठवडे. पाठपुरावा रोज मी करीन.”

सिद्धेशने नकारार्थी मान हलवली, पण अजिंक्यने नकाशा स्वतःकडे ओढून नीट पाहिला. “करा,” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी जेवताना तिने वडिलांना हे सांगितलं. ज्योतीरामांची तीस वर्षं इन्स्पेक्शनच्या टेबलावर गेली होती. मायक्रोमीटर लावायचा आणि माल पास की नापास ते लिहायचं. ते ताटातली भाकरी मोडत म्हणाले, “म्हंजे आतापर्यंतच्या चाळीस अर्जांत बघितलंच नव्हतं की काय तू?”

हा प्रश्न विजयश्रीने स्वतःला विचारला नव्हता. “नव्हतं बघितलं,” ती म्हणाली.

“मग आता बघत जा,” ते म्हणाले आणि पिठलं वाढून घेतलं.

पुरातत्त्व खात्याला पत्र गेलं आणि विजयश्रीने खरोखरच रोज फोन केला. बाराव्या दिवशी दिव्या नावाच्या अधिकारी पुण्याहून स्वतःच्या स्कूटरवर साइटवर आल्या. पस्तिशीच्या, बारीक अंगाच्या, पाठीवर सॅक. बूट चिखलात घालून त्यांनी दोन्ही दगड तासभर न्याहाळले, मापं घेतली, मग सावलीत बसून पाणी प्यायल्या.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “ही संरक्षित स्मारकं नाहीत. कायद्याने मी तुमचं काम थांबवू शकत नाही. मत देऊ शकते. तुमचा वळवलेला रस्ता मला पटतो, तसं लेखी देईन. पण गावाला विचारलंत का?”

“विचारणार आहे. रविवारी.”

“नुसती नोटीस चिकटवू नका.”

“नाही. मारुतीच्या देवळात बैठक लावली आहे. तुम्ही येता का?”

दिव्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. बिल्डरच्या ऑफिसातून असं बोलावणं त्यांना बहुधा कधी आलं नव्हतं. “येते,” त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात चाळीसेक माणसं जमली. विजयश्रीने दगडांचे फोटो मोठे करून भिंतीला लावले होते. तिने काय सापडलं, रस्ता कसा वळवणार, मोकळी जागा कुठे येणार हे सोप्या भाषेत सांगितलं. मग म्हणाली, “आता तुम्ही सांगा.”

खांबाला टेकून बसलेले कोंडाजी उठले. सत्तरीचे, पांढरी टोपी. त्यांची सगळी जमीन पंधरा वर्षांपूर्वीच विकली गेली होती.

“बाई, जमिनी गेल्या तवा आमाला कुणी इचारलं न्हाई. रस्ता गेला तवा न्हाई, वढ्याची गटार झाली तवा न्हाई. आन आता दोन दगडांचं इचारताय? दगडाला किंमत हाय, माणसाला न्हाई व्हय?”

मंडपात कुजबुज झाली. दाराशी उभा असलेला अजिंक्य जमिनीकडे पाहू लागला. कोंडाजी त्याच्या वडिलांचे दोस्त होते.

विजयश्रीने वही उघडली. “कोंडाजीबाबा, त्या वेळी विचारायला हवं होतं. ते मला आता बदलता येणार नाही. पण तुम्ही आत्ता जे बोललात ते जसंच्या तसं लिहिते आणि मुंबईला समितीपुढे जाणाऱ्या फाइलला लावते. वाचून दाखवते. चुकलं असेल तर सांगा.”

आणि तिने वाचून दाखवलं, गटारीसकट. एकही शब्द गाळला नाही. कोंडाजी म्हणाले, “बरोबर हाय,” आणि खाली बसले.

त्यानंतर सगळ्यांनाच बोलायचं होतं. वीरगळ आपल्याच पूर्वजाचा असल्याचं दोन भावक्यांनी छातीठोकपणे सांगितलं. विजयश्रीने दोन्ही म्हणणी लिहिली. एका पोराने तिथे क्रिकेटची पिच मागितली, तेही लिहिलं. बायकांनी सांगितलं की पोळ्याला त्या दगडांना अजून तेल घालतात, तेव्हा कुंपण घालून कुलूप लावू नका. हे विजयश्रीला माहीत नव्हतं. तिच्या नकाशात कुंपण होतं, ते तिने तिथेच, सगळ्यांदेखत पेन्सिलने खोडलं.

बैठक उठली, माणसं चपला शोधू लागली. एक म्हातारी मात्र पायरीपाशीच थांबली. काळीसावळी, ताठ कण्याची, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला. चतुराबाई. प्रकल्पाच्या मधल्या दोन एकरांची जमीन तिच्या मुलाने अजिंक्यला विकली होती.

“पोरी,” ती हळूच म्हणाली, “त्या कोंडाजीचं सगळं लिवलंस ना तू? वाकडं बोलला तेबी?”

“हो, आजी.”

“मंग ऐक. दगड दोन न्हाईत. तीन हायेत. तिसरा माज्या परसात हाय. त्याच्यावर मी धुणं धुती.”

दुसऱ्या दिवशी विजयश्री आणि दिव्या चतुराबाईच्या घरी पोचल्या. अजिंक्य साइटवरची चार माणसं आणि दोन पहारी घेऊन आला. परसात नळाखाली एक लांबट काळा दगड आडवा होता. साबणाने आणि वर्षानुवर्षांच्या आपटण्याने तो गुळगुळीत झाला होता. वरून पाहिलं तर त्यात काहीच नव्हतं.

“पालथा हाय,” चतुराबाई म्हणाली. “उलटा करा. पण पोरींनी तोंडं तिकडं करा, चित्र वंगाळ हाय.”

“आजी, मला बघावंच लागतं, नोकरीच तशी आहे,” दिव्या हसून म्हणाल्या.

पहारी घालून माणसांनी दगड उपसला आणि पोत्यांवर उताणा केला. मातीत राहिलेली बाजू पाण्याने धुतली. वर चंद्र-सूर्य कोरलेले होते, खाली एक गाढव आणि एक बाई, आणि चित्र खरंच वंगाळ होतं. माणसांपैकी एक जण फिस्सकन हसला आणि अजिंक्यने बघितल्यावर गप्प झाला. चंद्र-सूर्य आणि चित्र यांच्या मधे मात्र पाच ओळी अक्षरं होती. चेहरा मातीत राहिल्यामुळे ती ऊन-पावसापासून वाचली होती.

दिव्या गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांचा आवाज बदलला. “गद्धेगाळ आहे. हा शापाचा दगड. राजाने किंवा एखाद्या मोठ्या माणसाने जमीन दान दिली की असा दगड रोवायचे. जो कुणी हे दान मोडेल त्याला ही शिवी, असा त्याचा अर्थ. म्हणून लोक त्याला भितात, पुरून टाकतात. अक्षरांसकट असा मिळणं फार दुर्मीळ आहे.”

त्यांनी सॅकमधून बॅटरी काढली, दगडावर चादरीचा आडोसा धरायला लावला आणि बाजूने तिरपा उजेड टाकला. तसा उजेड टाकला की झिजलेलं अक्षरही उठून दिसतं. अर्धा तास त्या एक-एक अक्षर वहीत उतरवत होत्या.

“सगळं आत्ताच नाही लागणार,” त्या म्हणाल्या. “शेवटची ओळ फुटली आहे. पण हा शब्द स्पष्ट आहे, ‘वापी’. म्हणजे विहीर, पायऱ्यांची. आणि इथे ‘पांथिक’, वाटसरू. वाटसरूंच्या पाण्यासाठी कुणीतरी विहिरीला जमीन लावून दिली होती, असं दिसतंय. आजी, इथे जुनी विहीर होती का कधी?”

चतुराबाईने पदर तोंडाशी धरला. मग नळाच्या कट्ट्यावर बसली.

“व्हय. हिर होती. लगीन होऊन आले तवा तिचंच पाणी भरायचे. खाली उतरायला पायऱ्या, दोन्ही अंगांनी देवळ्या. पुढं नळ आले, पाण्यावर शेवाळ धरलं, कुणी फिरकंना. क्रशरवाल्याला दगडाचा चुरा टाकाया जागा पायजे हुती. माज्या मालकांनी दिली. दोन म्हैन्यांत हिर भरली.” ती थांबली. “हा दगड तिच्या तोंडावर हुता. हिर बुजवायच्या आदल्या दिशी मालक बैलगाडीतून घरी घेऊन आलं आन पालथा टाकला. म्हनलं का, तर म्हनले, त्या दगडानं बघाया नको. लई भ्यायले हुते. मरस्तवर त्या बाजूला पाय ठिवला न्हाई त्यांनी.”

“आणि तुम्ही?” विजयश्रीने विचारलं.

“मी काय भ्यायची? हिर त्यांनी बुजवली, मी न्हाई. पण दगडाचं कुणाला सांगितलंबी न्हाई. नवऱ्याचं नाव कशाला काढायचं?” तिने विजयश्रीच्या वहीकडे बोट केलं. “आता लिव. माज्या नावानं लिव.”

विजयश्रीने लिहिलं. लिहिताना तिच्या मनात दुसरीच गोष्ट चालली होती. “आजी, विहीर नेमकी कुठे होती?”

चतुराबाई त्यांना स्वतः घेऊन गेली. पत्र्याच्या कुंपणातून आत, सर्व्हेच्या खुंट्या ओलांडत, एका चिंचेपासून पावलं मोजत. थांबली ती जिथे ‘सी’ इमारत यायची होती, त्या जागेच्या ऐन मध्यावर.

विजयश्रीने तिथेच उभं राहून फोनवर जमीन तपासणीचा अहवाल उघडला. ‘सी’ इमारतीच्या जागी घेतलेल्या बोअरमध्ये नऊ मीटरपर्यंत नुसता चुरा लागला होता. बाकी सगळीकडे तीन मीटरवर काळा खडक. तपासणी करणाऱ्यांनी शेरा मारला होता, ‘स्थानिक भराव’, आणि पुढे सरकले होते. तिने फोन अजिंक्यपुढे धरला. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं आणि जमिनीकडे पाहिलं.

“लहानपणी आम्ही इथे क्रिकेट खेळायचो,” तो म्हणाला. “चेंडू उसळायचाच नाही. आम्हाला वाटायचं, टेनिसचा बॉल जुना झाला.”

दिव्यांच्या देखरेखीखाली हाताने खोदकाम झालं. मशीन लावायला त्यांनी साफ नकार दिला होता. चौथ्या दिवशी घडीव दगडांची एक कड लागली, सहाव्या दिवशी पहिल्या पायऱ्या. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड बसवलेला, आणि फटीत नखही जात नव्हतं.

आता सिद्धेश आला. खड्ड्याच्या काठावर उभा राहून त्याने खाली पाहिलं आणि हात कमरेवर ठेवले.

“दोन दगड म्हणालात, मी ऐकलं. आता अख्खी इमारत घालवताय. पुन्हा बुजवा. पायाचे खांब, पाइल, खाली खडकापर्यंत नेऊ, इंजिनिअर करून देतील.”

“देतील,” विजयश्री म्हणाली. “पण समितीपुढे जाणाऱ्या फाइलमध्ये चतुराबाईंचा जबाब आहे, खात्याच्या अधिकाऱ्यांचं टिपण आहे आणि या पायऱ्यांचे फोटो आहेत. मी ते काढणार नाही.”

“मग दुसऱ्या कुणाकडून अर्ज भरून घेऊ.”

“घ्या. खात्याचं टिपण खात्यातही आहे. आधी एकदा हे बघा.”

तिने नवा नकाशा काढला. गेल्या आठवड्यात तिने तो तीनदा मोडून काढला होता. मजले चढवायची सोय नव्हती, कारण लोहगावचा विमानतळ जवळ आणि उंचीला मर्यादा होती. म्हणून तिने ‘सी’ इमारतीचा एक भाग काढून टाकला होता, दुसरा ‘डी’ला जोडला होता, पार्किंग उत्तरेला सरकवलं होतं. वीरगळ, ओढा आणि विहीर मिळून मोकळ्या जागेचा एकच सलग पट्टा झाला होता.

“सोळा घरं जातात,” ती म्हणाली. “तीनशे बारापैकी सोळा. चार महिने वाचतात, कारण नऊ मीटर चुऱ्यात पाया घालावा लागत नाही. आणि दहा वर्षांनी एखाद्या खांबाला तडा गेला म्हणून कुणी आपल्या दारात येत नाही.”

सिद्धेशने अजिंक्यकडे पाहिलं. “तू बोल. गाव तुझं आहे.”

“म्हणूनच,” अजिंक्य म्हणाला. “तू औंधला जाशील, सिद्धेश. मी इथेच राहणार. खाली काय आहे ते माहीत नव्हतं तोवर गोष्ट वेगळी होती. आता माहीत असून त्याच्यावर घर बांधायचं आणि ते माझ्याच गावातल्या पोराला विकायचं, हे मला जमणार नाही. सोळा घरं माझ्या वाट्यातून वजा धर.”

सिद्धेश गाडीत जाऊन बसला. दोन दिवस त्याचा फोन नव्हता. तिसऱ्या दिवशी आला तो थेट विजयश्रीला. “मॅडम, सोळा घरांचा तोटा दोघांत अर्धा-अर्धाच राहू दे. आणि ब्रोशरवर विहिरीचा फोटो टाकला तर चालेल का?”

“चालेल. पण मजकूर दिव्या मॅडमना दाखवून. ‘राजा-राणीचं स्नानगृह’ वगैरे काही लिहायचं नाही.”

“तेच लिहिणार होतो,” सिद्धेश म्हणाला, आणि पहिल्यांदाच दोघं एकदम हसले.

सहा आठवड्यांचे अकरा झाले, पण अर्ज पूर्ण होऊन गेला. जानेवारीत मुंबईला समितीपुढे सादरीकरण होतं. त्या दिवशी तेवीस प्रकल्प होते, प्रत्येकाला दहा मिनिटं. विजयश्रीचा नंबर दुपारी लागला. अजिंक्य तिच्या शेजारी बसून तळहात रुमालाला पुसत होता. ती मात्र शांत होती. फाइलमधला प्रत्येक कागद तिच्या डोळ्यांसमोरून गेला होता.

समितीतल्या एका वयस्कर सदस्यांनी पानं उलटली आणि चष्म्यावरून वर पाहिलं. “पुरातत्त्वीय अवशेष, ‘आहेत’? हे टायपिंगमध्ये चुकून पडलंय का?”

“नाही सर. दोन वीरगळ, एक शिलालेख असलेला गद्धेगाळ आणि एक बारव. पान एकशे चौदापासून पुढे.”

त्यांनी पान एकशे चौदा काढलं. मग एकशे वीस. एका पानावर ते थांबले आणि मोठ्याने वाचू लागले, “‘दगडाला किंमत हाय, माणसाला न्हाई व्हय?’ हे कोंडाजी कोण?”

“गावातले एक ज्येष्ठ, सर. बैठकीतलं त्यांचं म्हणणं आहे.”

“असं सहसा लोक गाळतात.”

“मी त्यांना गाळणार नाही असं सांगितलं होतं. आणि त्यांचा ओढ्याचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून आमचं सांडपाणी शुद्ध केल्यावरही ओढ्यात सोडायचं नाही, असं पान एकशे तीसवर लिहून दिलं आहे.”

दहाची पंचवीस मिनिटं झाली. वाद असा झालाच नाही. बारव मोकळी करायची, तिचं काम खात्याच्या सल्ल्याने करायचं आणि ती गावाला कायम खुली ठेवायची, या अटींवर मंजुरीची शिफारस झाली. बाहेर आल्यावर अजिंक्यने जिन्यातच बापाला फोन लावला. विजयश्रीने पाण्याची बाटली उघडली आणि एका दमात अर्धी संपवली. 

बारव मोकळी व्हायला एप्रिल उजाडला. चुऱ्याचे शेकडो ट्रक निघाले. तिसऱ्या आठवड्यात तळाशी ओल दिसली, आणि मग एका सकाळी झरे मोकळे झाले. बावीस पायऱ्या, दोन्ही अंगांना देवळ्या, चतुराबाईने सांगितल्या होत्या तशाच. गद्धेगाळ कुठे उभा करायचा यावर गावात दोन बैठका झाल्या. काहींना तो गावाबाहेर हवा होता. चतुराबाईने तो मूळ जागीच, विहिरीच्या तोंडावर आणि चित्र सगळ्यांना दिसेल असाच उभा राहील असं ठणकावून सांगितलं, आणि तिच्यापुढे कुणाचं चाललं नाही.

ज्या दिवशी पायऱ्या धुऊन झाल्या, त्या दिवशी विजयश्री साइटवर होती. दिव्या आल्या होत्या. कोंडाजी चिंचेखाली बसले होते आणि येईल त्याला विहिरीच्या खोलीचा आकडा सांगत होते. विजयश्रीने काठावरून खाली पाहिलं. चाळीस अर्ज, तिने मनात म्हटलं. त्यांतल्या कुठे काय होतं ते आता कधीच कळणार नव्हतं. एक मात्र कळलं होतं, आणि ते तिच्या डोळ्यांसमोर पाण्यासकट होतं. तिला आनंद झाला, आणि तो तिने कुणापासून लपवला नाही.

चतुराबाईने काष्टा खोचला आणि पायरीवर पाय ठेवला. अजिंक्यने पुढे होऊन हात दिला.

“काकू, सांभाळून. शेवाळ नाही, पण दगड ओले आहेत.”

“सरक बाजूला. डोक्यावर हंडा घिऊन चढलेय मी हितनं,” ती म्हणाली आणि हात न धरता खाली उतरत गेली. खाली पाण्यापाशी बसली, ओंजळ भरली.

“आजी, पिऊ नका!” विजयश्री वरून ओरडली. “पाण्याचा नमुना लॅबला दिलाय, तपासणी व्हायची आहे अजून!”

चतुराबाईने ओंजळ तोंडाला लावली. सावकाश प्यायली, ओले हात तोंडावरून फिरवले आणि वर पाहिलं.

“झाली तपासणी,” ती म्हणाली. “गोड हाय.”